नावाड्याची शोकसभा

सरांना परदेशात अनोळखी लोक भेटायचे आणि भेटल्या भेटल्या शहाणपण सांगायचे. तुम्हा-आम्हाला परदेशात कोणी भेटलं तर फार तर ‘लिफ्ट बंद आहे’ एवढं सांगतं. सरांचं तसं नव्हतं. कुठल्याशा तळ्यावरचा म्हातारा नावाडी, कुठल्याशा स्टेशनवरचा झाडूवाला, बागेतल्या बाकावरची आंधळी आजी, सगळे जणू सरांचीच वाट बघत ताटकळत बसलेले असायचे. सर मायदेशी परतले की या मंडळींवर व्याख्यान द्यायचे आणि सभागृहात रुमाल बाहेर निघायचे. एका टूर कंपनीने हे बरोबर हेरलं. दर वर्षी ती सरांना सहलीबरोबर फुकट न्यायची आणि बदल्यात सरांनी बसमध्ये माईक धरून बोलायचं.

यंदा वहिनी पहिल्यांदाच बरोबर आल्या होत्या. वहिनी म्हणजे सरांची बायको; बसमधल्या सगळ्यांनी पहिल्या दिवसापासून तेच नाव धरलं. इतकी वर्षं सासूबाईंचं आजारपण आणि पार्सल कचेरीतली नोकरी यांतून त्यांना मान वर करायला सवड नव्हती. आता सासूबाई गेल्या होत्या, नोकरी संपली होती आणि सुटकेस नवी होती. नवऱ्याचं व्याख्यान त्यांनी उभ्या आयुष्यात एकदाच ऐकलं होतं. दिवसभर कचेरीच्या खिडकीवर उभं राहून त्या थेट सभागृहात गेल्या होत्या, दुसऱ्या रांगेत बसल्या आणि झोपल्या. नुसत्या झोपल्या असत्या तरी चाललं असतं, पण घोरल्या. त्यानंतर सरांनी पुन्हा आग्रह केला नाही.

बसमध्ये त्यांच्या शेजारी एक दातांची डॉक्टरीण होती. एकटीच आली होती. खिडकीबाहेर डोंगर सरकत होते, पण हिला डोंगरांचं काही नव्हतं. ती वहिनींकडेच बघत होती.

“वहिनी, तुम्ही किती नशीबवान! तुम्हाला तर सरांच्या तोंडून रोज ऐकायला मिळत असेल.”

“काय?”

“म्हणजे, नावाड्याचं वगैरे. मी तर फक्त त्या तळ्यासाठी आलेय. नावाड्याने माझं आयुष्य बदललं.”

वहिनींनी कुतूहलाने विचारलं, की हा नावाडी असं म्हणाला तरी काय. डॉक्टरीणबाईंनी डोळे मिटले. “तो म्हणाला, दार उघडलं नाही तर फोडू नये. आपण येऊन गेलो एवढं कळवावं आणि परत यावं.”

हे वाक्य कुठेतरी ऐकलंय, असं वहिनींना वाटलं. मग लक्षात आलं, की ऐकलेलं नाही, बोललेलं आहे. पार्सलं पोचवायला एक नवा माणूस लागला होता, अंगात रेड्याचं बळ आणि डोक्यात घाई. एका घराचं दार कोणी उघडेना म्हणून त्याने इतक्या जोरात धडका मारल्या, की आतली कडीच उखडली. तक्रार वहिनींच्या खिडकीवर आली. त्या रात्री जेवताना त्या तणतणत होत्या, ‘अरे, दार उघडलं नाही तर फोडतोस काय? आपण येऊन गेलो अशी चिठ्ठी लावायची आणि परत यायचं!’ समोर सर जेवत होते. घास हातात तसाच धरून त्यांनी मान डोलावली होती. बायकोच्या कामाची नवऱ्याला किती काळजी, असं वाटून वहिनी तेव्हा सुखावल्या होत्या.

“आणि तो झाडूवाला!” डॉक्टरीणबाई आता भरात आल्या होत्या. “तो म्हणतो, प्रेम परत आलं तर दोष प्रेमाचा नसतो, पत्ता चुकलेला असतो.”

“प्रेम नाही हो, पार्सल,” वहिनी बोलून गेल्या.

“काय म्हणालात?”

“काही नाही. डोंगर छान आहेत म्हटलं.”

हॉटेलच्या खोलीत शिरल्या शिरल्या वहिनींनी दाराला कडी घातली. सर पलंगावर बसून मोजे काढत होते. खोली इतकी लहान होती, की एकाने मोजे काढायचे तर दुसऱ्याने भिंतीला चिकटून उभं राहायचं. वहिनी चिकटून उभ्या राहिल्या.

“अहो, त्या नावाड्याशी तुम्ही कुठल्या भाषेत बोललात?”

“भाषा लागत नाही गं अशा वेळी. भावना पोचतात.”

“सकाळी तुम्हाला इथे उशी मागता आली नाही. उशी मागितली तर त्यांनी इस्त्री आणून दिली. आणि त्या नावाड्याचं एवढं मोठं वाक्य तुम्हाला शब्दन्‌शब्द कळलं?”

सरांचा मोजा अर्ध्यावर थांबला. वहिनींनी सगळं पुढ्यात मांडलं. नावाडी म्हणजे मी, झाडूवाला म्हणजे मी. आंधळ्या आजीचं काय? ‘आत मोकळी जागा राहिली की वस्तू फुटते’, हे काचेच्या पार्सलात गवत भरण्याबद्दल मीच बोलले होते, तेव्हा मला चांगलं दिसत होतं. बोलता बोलता वहिनींना हसू फुटलं. इतकं, की त्या सुटकेसवर बसल्या आणि उचकी लागली. सरही धीर येऊन हसायला लागले. तिथे त्यांचं चुकलं.

“हसताय काय? दाढी लावलीत मला! पांढरी, छातीपर्यंत!”

“अगं, समजून घे. ‘माझी बायको म्हणाली’ असं सांगितलं तर कोण ऐकेल? बायकोचं घरी कोणी ऐकत नाही, लोक तिकीट काढून येतील का? तेच परक्या देशातला परका माणूस म्हणाला की माना डोलतात. माल तोच. गुंडाळी वेगळी.”

पार्सलाच्या धंद्यात जन्म घालवलेल्या बाईला गुंडाळीचं महत्त्व पटवून देण्यात अर्थ नव्हता. पण वहिनींना खुपलं ते वेगळंच. सरांच्या व्याख्यानात अख्खं जग होतं. झाडूवाला होता, टॅक्सीवाला होता, तिकीट तपासणाऱ्याची मावशीसुद्धा होती. फक्त त्या नव्हत्या. त्यांना राग आला आणि रागाच्या खाली कुठेतरी रडूही आलं, पण त्यांनी ते वर येऊ दिलं नाही.

“एकदाच म्हणा,” त्या म्हणाल्या. “माईकवर, सगळ्यांसमोर. हे माझ्या बायकोनं सांगितलं, एवढंच.”

“म्हणेन की. पण ही सहल होऊ दे. इथे म्हटलं तर माझी अब्रू जाईल, कंपनी मला दारात उभं करणार नाही.”

“ठीक आहे. तोवर मी काही बोलणार नाही.”

आणि खरंच, वहिनींनी कामाचं बोलणं बंद केलं. म्हणजे गप्प बसल्या असं नाही. भरपूर बोलत होत्या. ऊन आहे. वारा आहे. चमचा पडला. सरांनी सकाळी चहा पिताना मुद्दाम विषय काढला, “पार्सल नाजूक असेल तर तुम्ही काय करायचात गं?” तर त्या म्हणाल्या, “जपून ठेवायचो.” सरांच्या तोंडचं पाणी पळालं. निरोपाच्या कार्यक्रमात ‘सर यंदाचा नवा अनोळखी गुरू सांगणार’ असं कंपनीच्या पत्रकात ठळक छापलेलं होतं.

मग सर नाइलाजाने खरा अनोळखी शोधायला निघाले. एका चौकात बाकावर एक वृद्ध गृहस्थ कबुतरांना दाणे टाकत बसले होते. चेहरा अगदी हवा तसा, सुरकुत्यांनी भरलेला. सर शेजारी टेकले. भाषा येत नव्हती, म्हणून त्यांनी आयुष्याबद्दलचा प्रश्न खुणांनी विचारला. छातीवर हात ठेवला, डोळे वर केले, आकाशाकडे बोट दाखवलं आणि एक दीर्घ उसासा सोडला.

गृहस्थ ताडकन उठले. त्यांनी कबुतरं सोडली, ओरडून चार लोक जमवले, सरांच्या शर्टाची बटणं उघडली आणि ॲम्ब्युलन्स बोलावली. सर ‘नो, नो’ म्हणत राहिले; तेवढ्याने त्यांना जास्तच घट्ट धरून ठेवण्यात आलं. वहिनी पलीकडच्या दुकानातून धावत आल्या तेव्हा सर बाकावर उताणे होते आणि एक नर्स त्यांचं ब्लडप्रेशर मोजत होती. ते जरा वाढलेलंच निघालं. नर्सने खुणेनेच सांगितलं, की मीठ कमी. म्हातारे गृहस्थ जाताना सरांचा गाल थोपटून गेले.

“मिळाला का गुरू?” वहिनींनी बटणं लावून देताना विचारलं.

खरं तर एका परक्या माणसाने आपली कबुतरं सोडून सरांचा जीव वाचवायला धाव घेतली होती. त्यात शिकण्यासारखं बरंच होतं. पण त्यात सरांची छाती उघडी पडली होती, त्यामुळे ते व्याख्यानात बसणारं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तळं होतं.

तळ्याचं नाव पत्रकात वाचून सरांना तो कार्यक्रम पुसूनच टाकावा असं वाटत होतं. बस थांबली आणि डॉक्टरीणबाई सगळ्यांच्या आधी उतरल्या. त्यांच्या पाठोपाठ सहलीतले इंजिनिअरसाहेब. हे निवृत्त होते, पण निवृत्त झाल्याचं त्यांना कोणी नीट सांगितलेलं नसावं. जातील तिथे माणसं ओळीत उभी करायचे. धक्क्यावर पाच-सहा नावा बांधलेल्या होत्या, सगळ्या मोटरच्या. एकीवरही वल्हं नव्हतं आणि दाढी तर कोणालाच नव्हती.

“सर, कुठे आहेत ते?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं. “मला फक्त पाया पडायचंय.”

सरांनी तळ्याकडे पाहिलं. वहिनींनी सरांकडे पाहिलं. हात बांधून, पुढे काय होतं ते बघायला चांगली जागा धरून त्या उभ्या होत्या.

“कसं सांगू?” सर हळूच म्हणाले. “मी आत्ताच चौकशी केली. नावाडी... वारला.”

वहिनींना ठसका लागला. डॉक्टरीणबाई धक्क्यावर मटकन बसल्या. सरांना वाटलं होतं, की लोक चुकचुकतील आणि फोटो काढायला पांगतील. पण आपली माणसं. कोणी वारलं म्हटल्यावर अशी थोडीच सोडणार? इंजिनिअरसाहेबांनी टोपी काढली आणि जाहीर केलं, “शोकसभा घ्यायची. नावेतच.”

पाहता पाहता सगळं जुळून आलं. टूर मॅनेजरने मोठी नाव ठरवली. ती चालवायला एक धट्टीकट्टी बाई होती, कोपरापर्यंत बाह्या सारलेली. कोणीतरी फुलं आणली. इंजिनिअरसाहेब स्वतःच अध्यक्ष झाले आणि त्यांनी कार्यक्रम आखला: प्रास्ताविक, आठवणी, सरांचं मुख्य भाषण, दोन मिनिटं स्तब्धता आणि शेवटी आभार. शोकसभेत आभार कोणाचे मानतात, असं मॅनेजरने विचारलं. त्याला गप्प बसवण्यात आलं. वहिनी मधल्या बाकावर बसल्या. स्वतःच्या शोकसभेला हजर राहण्याची संधी किती जणांना मिळते? त्यांनी पदर नीट केला.

तळ्याच्या मध्यावर बाईने मोटर बंद केली. इंजिनिअरसाहेबांनी प्रास्ताविकात नावाड्याची माहिती दिली. ती त्यांना मुळीच नव्हती, तरी बराच वेळ दिली. मग डॉक्टरीणबाई उभ्या राहिल्या.

“माझ्या बहिणीचं आणि माझं बोलणं बंद होतं,” त्या म्हणाल्या. “आईला कोणी सांभाळायचं यावरून. मी तिच्या दारात जायचे, बेल वाजवायचे. आत दिवा दिसायचा, ती उघडायची नाही. मग मी तिथेच उभी राहून ओरडायचे, दारावर हात आपटायचे. सगळी बिल्डिंग गोळा व्हायची. नावाड्याचं ऐकलं आणि पुढच्या वेळी मी फक्त चिठ्ठी सरकवली. येऊन गेले, बरी आहेस ना, एवढंच. त्याच आठवड्यात ती आली. आई जाण्याआधी आम्ही दोघी तिच्या उशाशी होतो. त्या माणसाने मला आई परत दिली, बहीण परत दिली. आणि मला त्याला भेटता आलं नाही.”

नावेत सगळे डोळे पुसत होते. वहिनींची मिस्किली पार ओसरली. खिडकीवर उभ्या राहून त्यांनी हजारो पार्सलं रवाना केली होती, पण आपलं बोलणं कुठवर जातं याचा त्यांना पत्ताच नव्हता. आता आपण गंमत म्हणून बघत बसलोय, याची त्यांना लाज वाटली. सरांनी काहीही सांगितलं तरी आपण तोंड उघडायचं नाही, असं त्यांनी ठरवून टाकलं. राहू दे नावाडी. या बाईचा नावाडी मोडायचा कशाला?

“आता सर,” इंजिनिअरसाहेब म्हणाले. “सर, थोडक्यात, पण सविस्तर.”

सर उभे राहिले. सरांना कुठेही उभं केलं तरी भाषण आपोआप सुरू व्हायचं, तसंच झालं. तळं, संध्याकाळ, पाण्यावरचा प्रकाश, सगळं आलं. मग डॉक्टरीणबाईंनी मध्येच विचारलं, “सर, त्यांच्या मागे कोण आहे?”

हा प्रश्न आजवर कुठल्याच सभागृहात आला नव्हता. सरांनी उत्तरासाठी इकडेतिकडे पाहिलं आणि नजर वहिनींवर येऊन थांबली. वहिनी रडत होत्या. सरांच्या डोळ्यांपुढे एकदम तो रिकामा ओटा आला, जेवायला बसल्यावर समोर कोणीच नाही, कडी उखडल्याचं तणतणत सांगायला कोणी नाही. कल्पना करणं हाच सरांचा धंदा होता. या वेळी ती त्यांच्याच अंगावर आली.

“मागे...” सर म्हणाले आणि त्यांचा आवाज फुटला. “मागे फक्त नवरा आहे. त्याचं काय होईल, मला माहीत नाही. त्याला साधं काही येत नाही हो. तो सगळं तिच्याकडूनच घ्यायचा.”



“सर,” इंजिनिअरसाहेब जपून म्हणाले, “नावाड्याला नवरा?”

सर रुमालाने नाक पुसत उभे होते. आता काहीतरी सावरून घेता आलं असतं. त्यांचं आयुष्य सावरून घेण्यातच गेलं होतं. वहिनींनी मान हलवून खुणावलंसुद्धा, की राहू द्या. पण सरांनी तिकडे पाहिलं नाही.

“नावाडी नव्हताच,” ते म्हणाले. “झाडूवालाही नव्हता. मला परदेशात कधी कोणीच काही सांगितलं नाही. काल एका नर्सने मीठ कमी करायला सांगितलं तेवढंच. ते सगळं हिने सांगितलंय. माझ्या बायकोने. मी चोरलं.”

फुलं धरून बसलेल्या माणसाला फुलांचं काय करावं कळेना. टूर मॅनेजर पुढच्या वर्षीचं पत्रक मनातल्या मनात फाडत होता. डॉक्टरीणबाई सरांकडे बघतही नव्हत्या. त्या वहिनींपुढे येऊन उभ्या राहिल्या.

“खरं?”

“खरं आहे,” वहिनी म्हणाल्या. “पण मी बहिणींबद्दल नव्हते बोलत हो. आमच्याकडे एक पार्सल पोचवणारा होता, त्याने एका घराची कडी उखडली. मी त्याला शिव्या घालत होते.”

“म्हणजे मी बहिणीच्या दारात चिठ्ठी सरकवली, ती कोणाचीतरी कडी तुटली म्हणून?”

“हो, बाई. चांगली पितळी कडी होती.”

डॉक्टरीणबाईंचं तोंड आधी वाकडं झालं, मग थरथरलं आणि मग त्या हसत सुटल्या. हसता हसता वहिनींच्या गळ्यात पडल्या. नाव डगमगली आणि इंजिनिअरसाहेबांनी सगळ्यांना मध्यभागी सरकायला सांगितलं. ‘स्तब्धता आता कोणासाठी पाळायची,’ असं ते स्वतःशी पुटपुटत होते.

“पण वहिनी,” डॉक्टरीणबाईंनी डोळे पुसत विचारलं, “तुम्ही स्वतः कोणाच्या दारातून अशा परत आलात का कधी?”

“मी कुठे जाणार? मी घरातच होते,” वहिनी म्हणाल्या. “हे जगभर दारं वाजवत फिरले. आमचं कोणी वाजवलं नाही.”

त्या हसतच म्हणाल्या होत्या, तरी कोणी हसलं नाही.

नाव चालवणाऱ्या बाईला यातलं अक्षरही कळलं नव्हतं. ही माणसं रडली, हसली, परत गप्प झाली, आणि फुलं अजून हातातच. तिने वहिनींना फुलांकडे बोट दाखवून खुणेने विचारलं, की गेलं कोण? वहिनींनी शांतपणे नवऱ्याकडे बोट दाखवलं. बाईने सरांना नीट न्याहाळलं, तिला ते पटलं असावं, आणि तिने मोठ्या सहानुभूतीने त्यांच्या पाठीवर थाप मारली.

सर उठले आणि जपून पावलं टाकत वहिनींच्या बाकावर येऊन बसले. किनारा अजून बराच लांब होता.

“सांग,” ते म्हणाले.

“काय सांगू?”

“काहीही. तुला हवं ते.”

“आणि निरोपाच्या कार्यक्रमात काय सांगणार?”

“ते मी बघतो. तू सांग.”

वहिनींनी त्यांच्याकडे जरा वेळ संशयाने पाहिलं. मग त्या बोलायला लागल्या आणि नाव धक्क्याला लागली तरी थांबल्या नाहीत. काय बोलल्या ते सरांनी आजवर एकाही व्याख्यानात सांगितलेलं नाही.